यमुनाताईंची सही

सांगणार नव्हतो, पण नातीनं पेनच हातात कोंबलं.

आमच्या ग्रामपंचायतीला रॅम्प बांधला, घसरगुंडीसारखा उभा. तपासायला चाकाच्या खुर्चीतली यमुना स्वयंसेवक म्हणून आली. तिची सही झाली की रॅम्प तसाच कायमचा राहणार.

सरपंच म्हणाले, "यमुनाताई, चढ आहे थोडा, पण जोर लावला की जमतंय. करा सही!"

"करते की," म्हणत यमुना पायरीवर सरकून बसली. "पण उद्घाटनाचा मान तुमचा. बसा माझ्या खुर्चीत, लावा जोर."

गावासमोर नाही कसं म्हणणार? बसले. अर्ध्यावरून हारासकट उलटे घरंगळले, ते थेट माझ्या पायावर.

यमुनानं लिहिलं, "रॅम्प उतरायला उत्तम. आता चढायचा बांधा." खाली सही ठोकली.

दुसऱ्याच दिवशी रॅम्प फोडायला घेतला. माझा अंगठा अजून सुजलाय, आणि माफी मागायची राहिलीय ती सरपंच निवृत्ती ढमालेनं.