खालच्या विहिरीचं पाणी

कोणे एके काळी, आपल्या पणजोबांच्याही पणजोबांना नुसतं ऐकून माहीत असावं इतक्या जुन्या काळी, डोंगराच्या उतरणीवर एक राजधानी होती. वर राजवाडा, मधे बाजार आणि अगदी तळाशी खालची आळी. आळीत रंगारी, चांभार, लोहार, हमाल असे घाम गाळून पोट भरणारे लोक राहायचे. वाड्याला स्वतःची विहीर होती. खालच्या आळीलाही एकच विहीर होती.

त्या राज्यात एक रिवाज होता, कुणा शहाण्या पूर्वजानं घालून दिलेला. दरवर्षी राज्यारोहणाच्या दिवशी राजानं चौकात, सगळ्या प्रजेसमोर, खालच्या विहिरीचं ओंजळभर पाणी प्यायचं. प्यायला नाही, तर तिथल्या तिथं मुकुट उतरवून ठेवायचा. जे पाणी आपल्याच घशाखाली उतरणार आहे, ते कुठला राजा घाण होऊ देईल? म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती विहीर स्वच्छ राहिली होती.

ते पाणी काढून तांब्याच्या कळशीतून चौकात न्यायचा मान आळीतल्याच भिवराच्या घराण्याचा. आजीनं नेलं, आईनं नेलं, आता भिवरा नेत होती.

राजा तरुण होता, गादीवर नवा होता आणि चांगलाही होता. सुरुवातीला सगळेच चांगले असतात म्हणा! एका वर्षी नेमका त्या दिवशी तो तापानं फणफणला. प्रधान भिवराला बाजूला घेऊन म्हणाला, "भिवराबाई, वैद्यांनी महाराजांना बाहेरचं पाणी वर्ज्य केलंय. या वेळेपुरती कळशी वाड्यातून भरा. कुणाला कळणार आहे?"

भिवराला राजाची दया आली. पोरगेला जीव, तापानं लाल झालेला. तिनं कळशीतलं पाणी ओतून टाकलं आणि वाड्यातलं भरून घेतलं. तिच्या मनात पाप नव्हतं. तेवढंच ती पुढं स्वतःला सांगत राहिली.

पुढल्या वर्षी राजाला ताप नव्हता. तरी प्रधान वाड्याच्या मागच्या दाराशी उभा होता. "गेल्या वर्षी चाललं ना? मग आता काय बिघडलं?" त्याच्या पुढल्या वर्षी त्यानं बोलायचीही तसदी घेतली नाही, नुसतं बोट दाखवलं. भिवरानं मुकाट्यानं कळशी भरली. तोंड उघडावं, तर आधी आपणच अडकणार, हे तिला ठाऊक होतं.

मग व्हायचं तेच झालं. राजानं नवी हत्तीशाळा बांधली. तिची घाण वाहून नेणारी मोरी लांबून न्यायची, तर प्रधानाची आमराई आड येत होती. म्हणून ती सरळ उतरणीनं खालच्या विहिरीकडं सोडून दिली. पाण्यावर हिरवा तवंग आला. घोट घेतला की मळमळायला लागलं. आळीत घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली आणि रोज कुणाची ना कुणाची तिरडी उठू लागली.

लोक गाऱ्हाणं घेऊन वर गेले. राजा म्हणाला, "मी स्वतः तेच पाणी पितो. मला काही होत नाही, मग तुम्हालाच कसं होतं?" एवढं बोलून तो थांबला नाही. त्यानं दवंडी पिटवली, की जो या पाण्याला नावं ठेवील तो राजद्रोही.

विहिरीवर शिपाई बसले. घागर भरण्याआधी प्रत्येकानं मोठ्यानं म्हणायचं, "पाणी गोड आहे!" नाक मुरडलं की फटका, ओकारी आली की कोठडी. आणि लोक म्हणू लागले हो! धडधाकट, मनगटात जोर असलेली माणसं रांगेत उभी राहून, श्वास रोखून, "पाणी गोड आहे" म्हणू लागली. सांगायला लाज वाटते, पण काहींना म्हणता म्हणता ते खरंही वाटायला लागलं. जे मेले त्यांच्याविषयी प्रधानानं सांगून टाकलं, की त्यांनी मनापासून म्हटलं नसणार.

भिवराची लेक वेणू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. चार दिवसांत तिचे डोळे खोल गेले. भिवरा धावत प्रधानाकडं गेली, त्याच्या पायावर पडली.

"एवढंच ना?" प्रधान हसला. "रोज दोन घागरी वाड्यातून न्या, मागच्या दारानं. आपल्या माणसाला आम्ही मरू देऊ का?"

त्या पाण्यानं वेणूला उतार पडला. ती उठून बसली आणि भांडं हातात घेऊन म्हणाली, "आई, हे पाणी कुठलं गं?"

भिवराला लेकीपुढं खोटं बोलवेना. तिनं पहिल्या कळशीपासून सगळं सांगितलं. वेणूनं भांडं खाली ठेवलं.

"शेजारच्या रंगारणीचा तान्हा नातू परवा गेला. तिच्यासमोर कुठल्या तोंडानं पिऊ मी हे?"

"पी बाई. निदान पोटातल्यासाठी तरी पी."

"आणि ते बाहेर आल्यावर? जन्मभर मागच्या दारानंच पाणी पिणार का?" वेणूनं तोंड फिरवलं, ती पुन्हा त्या पाण्याला शिवली नाही, आळीच्या विहिरीचंच पिऊ लागली. त्या दिवसापासून ती परत खंगत चालली.

भिवराचं डोकं फिरलं. राजाचा राग आला, प्रधानाचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

राज्यारोहणाचा दिवस उजाडला. भिवरा कळशी घेऊन खालच्या विहिरीवर गेली. शिपाई म्हणाला, "म्हणा, पाणी गोड आहे."

"आज राजालाच म्हणू दे," भिवरा म्हणाली. मानाची कळशी अडवायची कशी, म्हणून शिपाई बाजूला झाला. तिनं कळशी भरली आणि मागच्या दाराकडं न वळता ती बाजारातून सरळ चौकात गेली.

राजानं ओंजळ पुढं केली. भिवरानं धार धरली. वास नाकात शिरताच राजाचा चेहरा वाकडा झाला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "हे कुठलं पाणी?"

"खालच्या विहिरीचं, महाराज," भिवरा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "गोड आहे."

घाण आहे म्हणावं, तर स्वतःच्याच कायद्यानं राजद्रोही. प्यावं, तर घशाखाली उतरेना. राजाची बोटं हळूहळू विलग झाली आणि पाणी फरशीवर सांडलं.

"विष!" प्रधान ओरडला. "या बाईनं पाण्यात विष कालवलंय! धरा तिला!"

गर्दीतून म्हातारी रंगारीण पुढं आली. तिनं भिवराच्या हातातली कळशी हिसकावली, तोंडाला लावली आणि गटागटा प्यायली. मग तोंड पुसत म्हणाली, "हेच पाणी मी सकाळी प्यायले. रोज पिते. माझ्या नातवाला मीच पाजलं. हे विष असेल, तर ते आमच्या विहिरीत कुणी सोडलं, तेवढं सांग मेल्या!"

मागून कुणीतरी ओरडलं, "पाणी घाण आहे!" मग दुसरा, मग दहावा, मग अख्खा चौक. शिपायांची घरंही खालच्या आळीतच होती. त्यांनी भाले खाली टाकले. राजानं मुकुट उतरवला. प्रधानाला लोकांनी त्याच मोरीत उतरवलं आणि ती उपसायला लावली.

लोक भिवराला खांद्यावर घ्यायला धावले. ती मागं सरली. "मला हात लावू नका. पहिल्यांदा पाणी बदललं ते मीच. राजाला ताप होता, मला दया आली." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

रंगारीण तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुला राजाची दया आली," ती म्हणाली. "आमची कधी येणार होती?" मग कळशी घेऊन ती निघून गेली. तो मान भिवराच्या घरात पुन्हा आला नाही.

मोरी वळवली, विहीर उपसली, महिन्याभरात झरे स्वच्छ झाले. वेणू वाचली. तिचं बाळ मात्र मेलेलं जन्माला आलं. भिवरानं ते स्वतःच्या हातांनी पुरलं.

तात्पर्य: राज्यकर्त्याला दयेपोटी माफ केलेला पहिला नियम हाच प्रजेच्या गळ्यातला पहिला फास असतो.