द्वारकाबाईंचा भरलेला तांब्या

बाजाराच्या एका गावात रमाकांत नावाचा बांगड्यांचा व्यापारी राहत होता. पुढे दुकान, दुकानासमोर अंगण, अंगणाच्या कडेला घर. माल आणायचा, हिशेब बघायचा तो रमाकांतनं. पण बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या त्या त्याच्या आईनं, द्वारकाबाईंनी. हात असा मऊ, की बांगडी मनगटावर कधी चढली ते कळायचंसुद्धा नाही. लग्नाचा हिरवा चुडा त्यांच्याच हातून भरायचा, असा गावाचा रिवाजच पडला होता.

पण वय झालं, गुडघे कुरकुरायला लागले. घराचा संडास जुन्या पद्धतीचा, उकिडवं बसायचा. एके दिवशी द्वारकाबाईंना तिथून उठताच येईना. सुनेनं, वैजयंतानं, दोन्ही हात धरून त्यांना उभं केलं. रमाकांतच्या कानावर हे गेलं. त्यानं तडक निवृत्ती गवंड्याला बोलावणं धाडलं.

"निवृत्तीदादा, जुना पाडा. तिथंच नवा बांधा. कमोड हवा, भिंतीला धरायला दांडी हवी, फरशीवर पाय घसरता कामा नये. माझी आई वापरणार आहे, सगळ्या गावात उजवा झाला पाहिजे!"

झालं, जुना संडास पाडला. आता नवा होईपर्यंत घरच्यांनी जायचं कुठं? त्याचीही सोय रमाकांतनं केली होती बरं का. तालुक्याहून फिरता संडास भाड्यानं आणला. जत्रेत ठेवतात ना, तसली निळ्या प्लास्टिकची, एका माणसापुरती खोली. ती अंगणात उभी केली. तिचं दार घराच्या भिंतीकडे, आडोशाला करता आलं असतं. पण भिंतीलगत नव्या फरशीची खोकी रचून ठेवली होती. त्यांना धक्का लागायला नको, म्हणून दार आलं नेमकं दुकानापुढच्या, गिऱ्हाइकं बसायच्या बाकाकडे.

"चला, आईची सोय झाली," रमाकांत म्हणाला आणि निश्चिंत झाला.

रमाकांत मोठा हौशी माणूस. पहिल्या फरशीचा रंग त्याला पसंत पडेना, ती परत गेली. दुसरी गुळगुळीत निघाली, तीही गेली. तिसरी आली, तर तिचाही रंग त्याच्या मनात भरेना. निवृत्ती म्हणायचा, "मालक, आता घ्या की एकदा पसंत करून." पण नाही! काम आपलं लांबतंच आहे. दुकानात गिऱ्हाईक आलं की रमाकांत निळ्या खोलीकडे बोट दाखवून सांगायचा, "हे सगळं आईसाठी चाललंय हो!" बायका कौतुकानं आधी त्या खोलीकडे बघायच्या, मग द्वारकाबाईंकडे. द्वारकाबाई मान खाली घालून बांगड्या निवडत राहायच्या.

हळूहळू त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. सकाळचा चहा बंद झाला. उशाशी पाण्याचा तांब्या असायचा, तो भरलेलाच राहायला लागला.

अशातच कुंभारांची रेवती चुडा भरायला आली. लग्न तोंडावर आलेलं, बरोबर मावश्या, आत्या, मैत्रिणी. बाक नुसता गजबजून गेला. द्वारकाबाईंनी तिचा हात हातात घेतला. बांगडी अर्ध्यावर गेली, तोच कट्ट! नवरीच्या चुड्यातली बांगडी त्यांच्या हातून आजवर कधी पिचली नव्हती. आज पिचली. पाठोपाठ द्वारकाबाईंनाच भोवळ आली.

रमाकांतनं त्यांना उचलून आत नेलं, खाटेवर निजवलं. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "अंगात पाणीच नाही हो यांच्या. पाणी पाजा." रमाकांतनं तांब्या तोंडाशी धरला. द्वारकाबाईंनी दोन घोट घेतले आणि तांब्या हातानं बाजूला सारला.

"पुरे रे बाबा. आत्ता नको."

रमाकांतला काही उमगेना. त्यानं बाहेर येऊन वैजयंताला विचारलं, "आईला झालंय तरी काय? पाणी का नको म्हणते?"

वैजयंताच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यांनी मला शपथ घातली होती, म्हणून गप्प बसले. आता नाही बसत. अहो, पाणी प्यायलं की त्या खोलीत जावं लागतं, म्हणून त्यांनी पाणीच सोडलंय."

"पण ती खोली तिच्यासाठीच तर आणली!"

"हो ना? मग तुम्ही रोज सकाळी कुठं जाता हो?"

रमाकांतची नजर अंगणातल्या स्कूटरकडे गेली. तो रोज सकाळी स्कूटर काढून मित्राच्या, अंकुशच्या घरी जायचा. चहाही तिथंच व्हायचा. निळ्या खोलीत त्यानं अजून पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं!

"मी पहाटे, दुकान उघडायच्या आत उरकून घेते," वैजयंता म्हणाली. "पण त्यांचे गुडघे ऊन वर आल्याशिवाय वाकत नाहीत. तोवर बाक भरलेला असतो."

दुसऱ्या दिवशी रमाकांत अंकुशकडे गेला नाही. तो तांब्याभर पाणी प्यायला आणि आईच्या जागी बांगड्या भरायला बसला. थोड्याच वेळात त्याला जायची निकड लागली. समोर बाकावर बायका दाटीवाटीनं बसलेल्या. तो उठला, पुन्हा बसला. उगाच डबे इकडचे तिकडे केले. शेवटी अगदीच राहवेना, तेव्हा पाण्याची बादली घेऊन अंगणात उतरला.

काय सांगावं! चाललेल्या गप्पा एकदम थांबल्या. पायरी चांगली गुडघ्याएवढी उंच, धरायला काही नाही. कडी लावली तर खाडकन आवाज झाला, आणि बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. आत तो घामाघूम होऊन बसला. बाहेर यायचा धीर होईना. 'मी धडधाकट बाप्या माणूस, माझी ही गत,' त्याच्या मनात आलं, 'मग ज्यांचे हात हातात घेऊन आई चुडे भरते, त्या पोरीबाळींच्या देखत ती कशी येत असेल?' आणि मग त्याला लख्ख कळलं. ती येतच नव्हती. त्याला स्वतःची भारी लाज वाटली.

बाहेर आल्या आल्या त्यानं हात जोडले. "आयाबायांनो, आज दुकान बंद. उद्या या."

मग त्यानं बाह्या सरसावल्या. आपल्या लाडक्या फरशीची खोकी स्वतः उचलली आणि थेट दुकानात, मांडणीपाशी नेऊन ठेवली. निवृत्तीच्या मदतीनं निळी खोली फिरवली. दार भिंतीकडे गेलं, आईच्या खोलीच्या बाजूच्या दाराला लागून आलं. विटांच्या बुटक्या पायऱ्या रचल्या. नव्या बांधकामासाठी आणलेली दांडी तिथं ठोकून टाकली. आईच्या दारापासून वैजयंतानं जाड चादरी बांधून आडोसा केला. आणि तो बाक, तोही उचलून रस्त्याच्या बाजूला नेला.

"आणि निवृत्तीदादा," रमाकांत म्हणाला, "ही फरशी आहे तीच लावा. खरखरीत आहे ना? बास. रंग गेला खड्ड्यात."

मग तो आईच्या खाटेशी खाली बसला. "आई, मला सांगायचं होतंस गं."

"काय सांगायचं, राजा? तू एवढ्या हौसेनं बांधतोयस. म्हटलं, थोडे दिवस काढू तहानेनं."

"मी फरशा बघत बसलो आई. तुझं सुकलेलं तोंड काही मला दिसलं नाही." असं म्हणून तो आईच्या पदरात तोंड खुपसून लहान मुलासारखा रडला. द्वारकाबाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. "वेडा आहेस झालं," त्या म्हणाल्या.

तब्येत सुधारली तशा द्वारकाबाई पुन्हा दुकानात येऊन बसल्या. कुंभारांची रेवती त्यांच्याच हातून चुडा भरायचा म्हणून अजून थांबली होती. द्वारकाबाईंनी तिचा हात हातात घेतला, आणि एकही बांगडी न पिचता मनगट हिरवंगार झालं. मग त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली.

"वैजे, पाणी आण गं! तांब्या भरून आण, चांगली तहान लागलीय."

सगळ्यांसमोर त्या घटाघटा पाणी प्यायल्या. तांब्या रिकामा झाला. रमाकांत मात्र पाठ फिरवून बांगड्यांचे डबे पुसत राहिला, कारण त्याचे डोळे पुन्हा भरून आले होते.

तात्पर्य: दुसऱ्यासाठी केलेली सोय आधी त्याच्या जागी बसून स्वतः वापरून पाहावी; आणि आपल्या माणसाचं उद्याचं सुख उभारताना त्याला आज तहानलेलं ठेवू नये.