घरट्यातले काटे

फार जुनी गोष्ट. पाखरांची भांडणं तेव्हा वडाखालच्या कचेरीत मिटत.

डोंगरापलीकडे वकिली शिकून परतलेल्या साळुंकीला वाटलं होतं, नामांकित वकील मऊ घरट्यात ऐटीत राहत असतील. पण ज्यांच्या हाताखाली ती आता काम करणार होती, त्या भारद्वाजकाकांचं घरटं पाहून ती चाटच पडली. आत सगळे काटेच काटे!

"रीतच आहे पोरी," काका म्हणाले. "अशील आपलं दुखणं म्हणून एक काटा देतो. निकाल लागेपर्यंत तो वकिलानं घरट्यात जपायचा. ज्याचे काटे जास्त, तो वकील मोठा."

"मग झोपायचं कुठं?"

"झोपतात ते आळशी!" शेजारचा कावळेवकील खेकसला. "शिकायला एवढ्या लांब गेली होतीस, तर येताना गादी आणायचीस!"

आसपासच्या फांद्यांवरचे सगळे वकील हसले. काकाही हसले आणि हसता हसता डुलकी लागून फांदीवरून कोसळले. साळुंकी धावली. काकांच्या पंखाखाली पिसं नव्हती, नुसत्या जखमा होत्या.

"कुणाला सांगू नकोस," ते पुटपुटले. "अशील तुटतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंकीचा पहिला अशील, एक चिमणा, काटा घेऊन आला.

"तुझी बाजू मी मनापासून मांडीन," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पण हा काटा समोरच्या बाभळीवर खोच. कचेरीत जाताना उचलीन, परतताना तिथंच ठेवीन. बाभळीला काट्यांचं काय ओझं?"

कावळा काही बोलायच्या आत ती काकांच्या घरट्यात शिरली.

"काका, जरा सरका बघू. तुमचेही काढायला घेते."