सैल बांधलेलं पागोटं

एका राज्यात धारसेन नावाचा राजा होता. त्याच्याकडे सगळं होतं, करमणूक नव्हती. म्हणून भस्मकेतू जादूगारानं नगरात एक खेळ मांडला. निम्म्या लोकांच्या डोक्यावर लाल पागोटी ठेवली, ते झाले शिपाई. निम्म्यांच्या कमरेला दोर बांधला, ते झाले चोर.

जादूगार म्हणाला, "शिपायांनी आपल्या हातानं पागोटी उतरवली की खेळ संपला. तोवर चोर पायापासून दगड होत जातील. दुसऱ्या कुणी पागोट्याला हात लावला, तर सगळे चोर जागीच पुरते दगड होतील."

लोक हसले. संध्याकाळी उतरवू म्हणाले. संध्याकाळ झाली. एकानंही उतरवलं नाही.

त्या नगरात केवडा नावाची विणकरीण राहत असे. तिचा नवरा सोमजी इतका मऊ, की मागावर मुंगी चढली तर माग थांबवायचा. तो शिपाई झाला. तिचा भाऊ येसबा चोर झाला. कालपर्यंत दोघे एका ताटात जेवत. आता येसबा गुडघ्यापर्यंत दगड झाला होता आणि सोमजी त्याला म्हणत होता, "पाणी हवं? आधी सरकार म्हण."

केवडा रानात गेली. तिथे उंबरावर बोलणारी सोनसाळुंकी होती.

"साळुंके, माझा भाऊ दगड होतोय. नवऱ्याचं पागोटं कसं उतरेल?"

"तीन कामं कर. वाघिणीच्या गुहेतली वाळू आण."

वाघीण पिलांना पाजत होती. तिनं वाट दिली. केवडानं वाळू आणली.

"आंधळ्या नागाच्या डोहातलं पाणी आण."

नागानं तिचा हात हुंगला आणि सोडला. केवडानं गडूभर पाणी आणलं.

"धीर आहे तुझ्यात. आता फांदीवरचं हे लाल पागोटं बांध. उंबराखाली म्हातारी बसली आहे. तिच्यावर प्रहरभर पहारा कर."

"एवढंच?" केवडा हसली.

आधी तिनं म्हातारीला आजी म्हटलं, सावलीत बसवलं. म्हातारी न विचारता उठली, तेव्हा म्हणाली, "बसा." पुन्हा उठली, तेव्हा म्हणाली, "बस." म्हातारीनं पाणी मागितलं, तर केवडानं गडू पायानं मागे सरकवला. "आधी मुजरा कर."

म्हातारी वाकली. तिची कंबर कटकन वाजली.

त्या आवाजानं केवडा दचकली. तिनं हात वर नेला. पागोटं सैल होतं, फुंकरीनं उडालं असतं. तरी हात अर्ध्यावर थांबला. डोक्याला ते बरं वाटत होतं. मग ती वाकलेली पाठ पुन्हा दिसली, आणि केवडानं पागोटं उतरवलं. गडू म्हातारीच्या ओठांशी धरला.

"आजी, चुकले मी."

"अगं बाई! मघाशी आजी म्हणालीस ती तूच का?"

साळुंकी म्हणाली, "आता जा. कळलं ते सांग."

चोरांना कोंडलं होतं त्या तुरुंगाच्या दाराशी केवडा आली. येसबा छातीपर्यंत दगड झाला होता.

"थांब!" सोमजी ओरडला. "आधी सरकार म्हण!"

"म्हणते, सरकार. पण अहो, मीही पागोटं बांधलं होतं."

"मग?"

"आवडलं मला. एका म्हातारीला पाण्यासाठी वाकवलं मी. तुम्हाला नावं ठेवायला नाही आले. हात वर जाता जाता थांबतो, ते ठाऊक आहे, एवढंच सांगायला आले."

आतून क्षीण आवाज आला, "दाजी, तहान लागलीय हो."

सोमजीनं खाली पाहिलं. पाण्याचा गडू त्याच्याच टाचेमागे होता. त्याचा हात वर गेला, खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा खाली आला. तिसऱ्या वेळी पागोटं जमिनीवर पडलं.

त्यानं येसबाला पाणी पाजलं. घोट जसा खाली उतरला, तसा दगड ओल्या मातीसारखा गळून गेला. शेजारच्या शिपायानं ते पाहिलं. त्यानं आपलं पागोटं उतरवलं. मग पलीकडच्यानं. हळूहळू साऱ्या नगरातले दोर सुटले.

राजानं जादूगाराला विचारलं, "पागोट्यांवर कोणता मंत्र घातला होतास?"

"महाराज, मंत्र दगडाचा होता. पागोटी साधीच होती."

राजा म्हणाला, "आणि मी सज्जातून बघत बसलो होतो." त्यानं मुकुट काढून मांडीवर ठेवला, जादूगाराला सीमेपार धाडलं आणि तहानलेल्यांना पाणी द्यायला स्वतः घागर उचलली.

त्या राज्यात आजही शिपाई पहाऱ्यावर उभा राहण्याआधी कैद्याला पाणी देतो. तेवढा वेळ पागोटं काखेत असतं.