मागून दिसणारा मॉनिटर

मॉनिटर हवा होता अख्ख्या घरासाठी: मुलांचे गेम, मृणालची इंटरनेटवरची कामं. पण दुकानात बोलत होते फक्त तिचा नवरा विद्याधर आणि दुकानदार चाफेकर. चाफेकरांनी विद्याधरला खुर्चीत बसवून समोर भलामोठा वक्राकार मॉनिटर लावला. तो लगेच गेममध्ये बुडाला.

"बाजूने नीट दिसत नाही हो यात," मृणाल म्हणाली.

"वहिनी, हे तांत्रिक असतं," चाफेकर हसले. "तुम्ही जरा मागे उभ्या राहा."

"मागेच उभी असते मी, घरीसुद्धा. पान वाढलंय म्हणून हाका मारत. मागे कोण उभं आहे हे बसणाऱ्याला दिसेल, असा मॉनिटर आहे का तुमच्याकडे?"

विद्याधरचे कान लाल झाले. गेम अर्धवट सोडून तो उठला, खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिला.