हत्ती जाईल तिथे भाव चढेल

कनकनेरात घर मिळेना! मिळालंच तर परवडेना! राजरस्त्यावर एकेका खोलीत दोन-दोन संसार, मध्ये लुगड्याचा पडदा. लग्न झालेल्या मुली माहेरीच, कारण सासरी पाय ठेवायला जागा नाही.

त्याच रस्त्याच्या टोकाला एका खोलीत चिमाबाई कासारीण राहायची. बांगड्यांचा हारा डोक्यावर घेऊन गावभर फिरायची. एके दिवशी घरमालक नारोशेठ दारात उभा राहिला.

"चिमाबाई, खोली रिकामी कर. दुप्पट भाडं देणारं गिऱ्हाईक मिळालंय."

"शेठ, या खोलीच्या छपरातून आभाळ दिसतं!"

"मग? आभाळाचं भाडं वेगळं मागितलं का मी?"

चिमाबाई तडक दरबारात गेली. राजा प्रतापधवल मनाचा मोठा, पण हट्टाला पेटला की ऐकायचा नाही.

"घरं महाग म्हणजे नगरी मोठी!" राजा मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "शेजारच्या राज्यात फुकट दिलं तरी कोणी राहत नाही!"

"खरं आहे, महाराज. नगरी लई मोठी झाली. आता माणसानं राहायचं कुठं, तेवढं सांगा!"

दरबारात खसखस पिकली. राजाला ते झोंबलं.

"एवढी अक्कल आहे, तर तूच उतरव भाव! पण नवं घर बांधायचं नाही, जुनं पाडायचं नाही, दवंडी पिटायची नाही. आणि खजिन्यातली जादा कवडी मिळणार नाही! पौर्णिमेपर्यंत जमलं नाही, तर खोलीच काय, नगरीसुद्धा सोडायची!"

नगरी सोडून जायचं कुठं? चिमाबाई पदर खोचून म्हणाली, "एकच मागणं आहे. महाराजांची सकाळची स्वारी रोज राजरस्त्यानं जाते. पौर्णिमेपर्यंत ती कुठून जायची, ते मी सांगणार. तेही महाराज हत्तीवर बसल्यावर!"

"बस? एवढंच? दिलं वचन!" राजाला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी राजा हत्तीवर बसला. चिमाबाई म्हणाली, "आज कुंभारआळी!"

कुंभारआळीत चिखलच चिखल! हत्तीचे पाय रुतले. दोरीवर वाळत घातलेलं कुणाचं तरी धोतर थेट राजाच्या छत्रीत अडकलं.

"कोतवाल!" राजा गरजला. "ही आळी माझ्याच राज्यात आहे ना?"

कोतवालानं दिवसभर माणसं लावून कुंभारआळी लख्ख केली. दुसऱ्या सकाळी तो ऐटीत उभा राहिला. चिमाबाई म्हणाली, "आज तेलीआळी!"

तिथे तुंबलेलं गटार! राजानं नाकाला शेला लावला आणि कोतवालाकडे असं पाहिलं, की त्याला घाम फुटला. संध्याकाळी तो चिमाबाईच्या दारात आला.

"बाई, उद्याची आळी तेवढी कानात सांग की!"

"मलाच अजून ठाऊक नाही, दादा!"

मग काय करतो बिचारा! नगरीतल्या सगळ्याच आळ्या रोज झाडायला लागल्या. खड्डे बुजले, गटारं वाहती झाली, कोपऱ्याकोपऱ्यावर दिवे लागले. या आळ्यांत कितीतरी घरं कुलपं लावून पडली होती. चिखलाला आणि अंधाराला कंटाळून माणसं राजरस्त्यावर कोंबून राहत होती ना! आता एकेक कुलूप उघडू लागलं. चुली पेटल्या. रखडलेल्या लेकी सासरी निघाल्या.

पौर्णिमेला दरबार भरला. नारोशेठ पागोटं सावरत धावत आला.

"महाराज, बुडालो! माझ्या खोल्या ओस पडल्या. निम्म्या भाड्यातसुद्धा कोणी विचारत नाही!"

राजा चकित झाला. त्यानं चिमाबाईला पुढे बोलावलं. "काय जादू केलीस?"

"जादू कसली, महाराज! लोक घरासाठी पैसे मोजतच नव्हते, दारापुढच्या रस्त्यासाठी मोजत होते. झाडलेला, दिवे लावलेला रस्ता नगरीत एकच. आपला हत्ती जातो तो! म्हणून मी हत्तीलाच गावभर फिरवलं."

"थांब!" राजाला काहीतरी आठवलं. "खजिन्यातून तर जादा कवडी दिली नाही. मग एवढ्या आळ्या झाडायला पैसा आला कुठून? कोतवाल?"

कोतवाल आपल्या पायाचे अंगठे बघू लागला.

"त्यांना कशाला विचारता?" चिमाबाई म्हणाली. "सगळ्या आळ्यांच्या झाडलोटीचा पैसा दरसाल खजिन्यातून जातच होता. झाडूपर्यंत मात्र तो याच महिन्यात पोचला!"

राजा खो खो हसू लागला. "कोतवाल, आता वर्षभर माझ्या हत्तीपुढे झाडू घेऊन तुम्हीच चालायचं! आणि चिमाबाई, राजरस्त्यावरचं सगळ्यात मोठं घर तुला बक्षीस!"

चिमाबाईनं घाईघाईनं हात जोडले. "नको, महाराज! तिथले भाव पडलेत! आत्ताच शेठ सांगत होते!"

यावर राजा इतका हसला, की मुकुट हातानं धरावा लागला. त्याच दिवशी कुंभारआळीतलं परसबागेचं कौलारू घर चिमाबाईच्या नावे झालं, आणि राजा स्वतः हत्तीवरून तिला तिथवर पोचवायला गेला!