रिकामं फडकं

एका सर्व्हरच्या दारात दोन लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे दोन संच, कामाला होत्या, थोरली आणि धाकटी. बाहेरून आलेलं गाठोडं सोडायचं आणि आतली फाईल मुख्य प्रोग्रामच्या हाती द्यायची, हेच दोघींचं काम. धाकटीला नेमलं तेव्हा थोरलीला काढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. सुनंदा वळवीचा दाखला आला. पुढे उभ्या थोरलीने सवयीने गाठोडं सोडलं, दाखला आपल्यापाशी ठेवला आणि नुसतं फडकं मागे धाकटीकडे सरकवलं. प्रोग्राम मात्र धाकटीलाच विचारायचा.

“दाखला कुठाय?”

“गाठोड्यात काहीच नव्हतं हो,” धाकटी म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

सुनंदाने पाचदा दाखला पाठवला. धाकटी रडकुंडीला आली. “आक्का, गाठोडं तू सोडू नकोस ना गं!”

“मी माझं काम करते. तू तुझं कर.”

शेवटी दुरुस्तीवाला आला. त्याने दोघींना तपासलं. खोट कुणातच नव्हती. मग त्याने तिसरी लायब्ररी आणून सगळ्यांच्या पुढे उभी केली.

सहावं गाठोडं आलं. या खेपेला थोरलीच्याही हाती नुसतं फडकं आलं. ती पहिल्यांदाच मागे वळली.

“काहीच नव्हतं गं यात,” ती म्हणाली.

बाहेर प्रवेश बंद झाल्याची पाटी लागली होती.